मनीचा आवाज किती डेसिबल

मनीला आवाज आहे की नाही, यावरून त्या घरात रोज एकदा तरी भांडण पेटायचं. आणि ते भांडणही बिनआवाजाचं.

सासू ओठ हलवून म्हणायची, "मुकी आहे पोर. माझ्याकडे बघून डोळे काय वटारतेस? मी केली का मुकी?"

मनीची आई ओठांनीच उलटून बोलायची, "मुकी असती तर भोकाड पसरून रडली असती का?"

"रडतं तर वासरूही."

मग नवरा दोघींच्या मध्ये हात आडवा धरायचा, म्हणजे पुरे. चार वर्षांची मनी जमिनीवर बसलेली असायची. जो बोलेल त्याच्या तोंडाकडे मान वळवायची, टकामका बघायची, आणि मध्येच तिचे स्वतःचे ओठही हलायचे. आई, भूक. आई, आजी ओरडते. शब्द स्पष्ट, एकेक अक्षर ओठांवर कोरल्यासारखं. आवाज येतोय की नाही, ते मात्र घरातल्या कोणालाच सांगता येत नव्हतं.

बाहेरच्या माणसाला हे वेडगळ वाटेल. पण त्या खोलीची मागची भिंत म्हणजेच कापडाच्या कारखान्याच्या शेडची भिंत होती. शेडमध्ये चाळीस माग. पाळी संपायची, माणसं बदलायची, माग थांबत नसत. धोटा इकडून तिकडे फेकला जायचा, लाकडावर लोखंड आपटायचं, आणि चाळीस ठिकाणी एकाच वेळी आपटायचं. तिथे ओरडून काही उपयोग नसे. म्हणून कामाला लागलेली बाई पहिल्या काही महिन्यांतच दोन गोष्टी करायची: ओठ वाचायला शिकायची आणि कान गमवायला लागायची. मनीच्या आईचं त्या शेडमध्ये अख्खं तरुणपण गेलं होतं. नवरा तिथलाच फिटर. सासूने हात थरथरायला लागेपर्यंत तिथेच कापड काढलं होतं आणि आता ती ठार बहिरी होती. सकाळी उठली की हात जोडून कितीतरी वेळ नुसते ओठ हलवायची. सून एकदा गमतीने म्हणाली होती, "आई, देवाला ऐकू जातं का हो तुमचं?" म्हातारी म्हणाली होती, "त्याला ओठ वाचता येतात. न येऊन करतो काय? एवढ्या शेडी त्याच्याच राज्यात आहेत ना."

खोल्यांच्या त्या रांगेत सगळेच मागवाले. एका दारातून दुसऱ्या दारापर्यंत, गच्चीवरून खालच्या नळापर्यंत, गप्पा ओठांनी चालायच्या. त्यात सगळ्यांत वस्ताद पोपटीण. ही मनीच्या आईच्या शेजारच्या मागावरची बाई. शेडच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या तिघींशी तीन वेगळ्या भानगडींवर एकदम बोलायची, आणि मुकादमाची पाठ वळली की त्याच्या चालीची नक्कल वर फुकट. बाहेरच्यांशी बोलताना मात्र याच बायका गल्ली हादरवत. मनीची आई वाण्याकडे साबण मागायला गेली की वाणी म्हणायचा, "वहिनी, दुकान इथेच आहे. पलीकडच्या गावात नाही गेलं."

डॉक्टरांकडे नेऊन झालं होतं. परका माणूस दिसला की मनीचे ओठ शिवल्यासारखे मिटायचे आणि तोंड आईच्या कुशीत जायचं. डॉक्टरांनी कान तपासले, घसा तपासला. दोन्ही ठणठणीत. "मग बोलत का नाही, ते मला सांगता येत नाही," ते म्हणाले. लांबच्या एका शहरात मुक्या मुलांची शाळा होती, तिथेच राहायचं, तिथेच शिकायचं. त्यांनी त्या शाळेचं नाव सुचवलं, शाळेने जागा आहे असं कळवलं, आणि पुढच्या महिन्यात पोरीला पोचवायचं असं नवऱ्याने ठरवून टाकलं. त्याचंही काळीज तुटत होतं. पण तो फिटर माणूस. बिघाड सापडला की दुरुस्तीला पाठवायचं, एवढंच त्याला ठाऊक.

"तिथे निदान हातांनी तरी बोलायला शिकेल," तो म्हणाला.

"ती बोलते!" मनीची आई ओठ फाकवून म्हणाली. "आपले कान गेलेत आणि शेड डोक्यावर बसलीय, म्हणून आपल्याला ऐकू येत नाही. ओठ हलतात म्हणजे मागे आवाज असणारच. बिनआवाजाचं बोलणं पोर शिकेल कुठून?"



त्याच सुमारास शेडमध्ये मापताई आल्या. कुठल्याशा खात्याने कारखान्यांतला आवाज मोजायला धाडलेली ही तरुण बाई. कानात पिवळे बोळे, हातात मीटर, मीटरच्या टोकाला स्पंजाचा काळा गोळा. पहिल्या दिवशी पोपटीण तिच्याकडे बघून गंभीर चेहऱ्याने ओठांनी म्हणाली, "ताई, तुमच्या काठीला जांभूळ लागलंय." मापताईंनी हसून मान डोलावली, धन्यवाद म्हणाल्या, आणि अख्खी रांग मागांवर वाकून हसली. आवाज न करता.

पण बाई मनाने चांगली होती. चहाच्या सुटीत अंगणात बायकांच्यात येऊन बसली आणि बोळे काढून, तोंड सगळ्यांकडे करून सावकाश बोलू लागली. बायकांना ते आवडलं. साहेब लोक बोलताना कागदाकडे बघतात, मग वाचायचं काय?

"एका मागाचा आवाज अठ्ठ्याऐंशी डेसिबल आला," मापताई म्हणाल्या. "दोन मागांचा किती होईल सांगा."

"एकशे शहात्तर," पोपटीण म्हणाली. "बेरीज येते मला."

"एक्याण्णव."

"ताई, तुमच्या मास्तरांचे कान धरले पाहिजेत."

"आवाजाची बेरीज अशीच असते. सारखे दोन आवाज एकत्र आले की आकडा तीनने वाढतो. दोनाचे चार माग केले की परत तीन, चौऱ्याण्णव. दहा मागांना अठ्ठ्याण्णव. तुमच्या चाळीस मागांना एकशे चार. आणि ते फार आहेत. कानाला एवढं सोसत नाही."

"ते आम्हाला विचारा," कोणीतरी म्हणालं.

"आणि मी बोंब मारली तर?" पोपटीणीने विचारलं. "माझी बोंब जरा नावाजलेली आहे."

"धरू नव्वद. एकशे चारात नव्वद मिळवले की एकशे चार."

"म्हणजे माझे नव्वद गेले कुठे?"

"मोठ्या आवाजाशेजारी लहान आवाज दहाने खाली असला, की बेरजेत तो जवळजवळ नसल्यासारखाच होतो."

बायका हसल्या. पोपटीणीने कपाळाला हात लावला. मनीची आई मात्र हसली नाही. तिने हातातला कप खाली ठेवला आणि मापताईंच्या अगदी समोर येऊन बसली.

"नसल्यासारखा की नसतोच?" तिने दणदणीत आवाजात विचारलं.

मापताई दचकल्या. "असतो. मीटरला दिसत नाही, एवढंच."

"मग माझ्याबरोबर चला," मनीची आई म्हणाली, आणि तिने त्यांचा हात धरला.

वाटेत तिने सगळं सांगितलं, आणि एवढ्या मोठ्याने की पुढच्या दोन दारांतून माणसं डोकावली. खोलीत सासू भिंतीला टेकून बसली होती. मनी परकी बाई बघताच खाटेखाली गेली. मापताईंनी मीटर फळीवर ठेवलं, आकडे खाटेच्या बाजूला येतील असं फिरवलं, आणि स्वतः बाहेर जाऊन उंबऱ्यावर पाठमोऱ्या बसल्या.

मीटर अडुसष्ट दाखवत होतं. कधी सदुसष्ट, कधी एकोणसत्तर. खाटेखालून हळूच एक डोकं बाहेर आलं. आईने ओठांनी विचारलं, कोण आहे गं ती? मनीचे ओठ हलले. नाही माहीत. काळा चेंडू आणलाय. आई मीटरकडे बघत होती. अडुसष्ट. मनी आणखी बोलली, चेंडू माझा का? सदुसष्ट. अडुसष्ट.

"म्हणजे नाही?" आईने बाहेर येऊन विचारलं. तिचा चेहरा उतरला होता.

"म्हणजे सांगता येत नाही," मापताई म्हणाल्या. "भिंतीतून येणारा आवाजच अडुसष्ट आहे. लहान मूल हळू बोललं तर अठ्ठावन्न धरा. अडुसष्टात अठ्ठावन्न मिळवले तर अर्धा आकडाही वाढत नाही. आणि खोलीचाच आकडा खालीवर होतोय. तिचा आवाज त्यात असेलही. ओळखायचा कसा?"

"मग शेडचा आवाज कमी केला तर?"

"तर कळेल. चांगला कमी झाला तर."

मनीच्या आईला एवढंच पाहिजे होतं. दुसऱ्या दिवशी तिने मागाआडून ओठांनी शेडभर निरोप फिरवला. एकेकीकडे दोन-दोन माग. भिंतीकडच्या, दाराकडच्या, जिला जमेल तिने थांबवायचे. कोणी धागा तुटला म्हणावं, कोणी धोटा अडकला म्हणावं. जेवणानंतर मुकादम गोदामात गेला की लगेच. मनीसाठी.

बायकांच्या जातीला हे सांगावं लागत नाही. पोपटीणीने आधी स्वतःचे दोन्ही माग बंद पाडले, मग पलीकडचीने, मग तिच्या पलीकडचीने. निम्मी शेड गप्प. मापताई मीटर घेऊन खोलीत होत्या, मनीची आई दारात. आकडा खाली आला. पासष्ट.

पासष्टवरच थांबला. मनीचे ओठ हलत होते, तिच्या चिंधीच्या बाहुलीला ती रागे भरत होती, आणि आकडा पासष्ट, चौसष्ट, पासष्ट.

पोपटीण धापा टाकत आली. "काय झालं?"

"तीन गेले," मनीची आई म्हणाली.

"तीन? अगं, वीस माग बंद पाडले आम्ही! निम्मी शेड!"

"निम्म्याला तीनच जातात," मापताई म्हणाल्या. त्यांना ते सांगताना अपराध्यासारखं झालं. "राहिलेल्यातले निम्मे थांबले तर आणखी तीन जातील. मग आणखी तीन. शेवटचा एकटा एक माग उरला तरी या खोलीत बावन्न राहतील."

पोपटीण त्यांच्याकडे बघत राहिली. "म्हणजे हा आवाज वाढताना तीन-तीन घेतो, आणि कमी करायला गेलं तरी हातावर चणे ठेवल्यासारखे तीन-तीनच देतो."

तेवढ्यात मुकादम गोदामातून परत आला. त्याने एका दमात सगळ्यांची खरडपट्टी काढली आणि मनीच्या आईला भिंतीपासून लांब, शेडच्या दुसऱ्या टोकाच्या मागांवर टाकलं. ते माग सगळ्यांत जुने, सगळ्यांत आदळणारे. "पुन्हा असं केलंस तर कामही नाही आणि खोलीही नाही," त्याने बजावलं. खोली कामाबरोबर होती, काम खोलीबरोबर. एक गेलं की दुसरं गेलंच.

नवरा त्या दिवशी तिच्याशी ओठांनीही बोलला नाही. मनीचे कपडे त्याने एका पिशवीत घडी करून ठेवले. मापात, नीट, फिटरच्या हाताने.

वाट उघडली ती मापताईंच्याच कामातून. मोजणीचा नियम असा, की यंत्रं चालू असतानाचा आकडा घ्यायचा, आणि सगळी बंद करून नुसत्या जागेचाही घ्यायचा, म्हणजे यंत्रांचं किती आणि जागेचं किती ते वेगळं काढता येतं. मालकाने खूप कुरकुर केली आणि शेवटी एकदाच, पाळी बदलताना, थोडा वेळ सगळे माग थांबवायला परवानगी दिली. मापताईंनी मनीच्या आईला गाठलं. "शेडमधला आकडा घेतला की मी पळत तुमच्याकडे येते. पोरीला तयार ठेवा. तिला माझी सवय झालीय ना आता?"

झाली होती. काळा चेंडू एकदा हातात घेऊ दिल्यापासून मनी मापताईंसमोर खाटेखालून बाहेर येऊ लागली होती.

माग थांबले ते एकदम नाही, रांगेरांगेने थांबले. शेवटचा माग थांबला तेव्हा भिंतीला टेकून बसलेली सासू ताडकन सरळ झाली. तिला ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. पण भिंतीची थरथर तिच्या पाठीला इतकी वर्षं चिकटलेली होती. तिने तळवा भिंतीवर दाबून धरला आणि घाबरून ओठांनी म्हणाली, "भिंत मेली."

नवरा दारात उभा होता. मापताई धावत आल्या, मीटर फळीवर ठेवलं. चौतीस. एवढा खालचा आकडा त्या खोलीने कधी पाहिला नसेल.

मनीची आई पोरीपुढे गुडघ्यांवर बसली. तोंडात देवाचं नाव होतं. तिने विचारलं, काय पाहिजे माझ्या बाळाला? सांग.

मनी म्हणाली, आई, भिंत गप्प झाली.

चौतीस.

सांग ना गं राणी. आणखी सांग.

मनीने आणखी सांगितलं. आजी घाबरली. बाबा दारात आहेत. चेंडू दे. ओठ भराभर हलत होते, डोळे नाचत होते. आईने मान वर करून मीटर पाहिलं. चौतीस. आकडा जागचा हलला नव्हता.

नवऱ्याने तोंड फिरवलं. मनीच्या आईचे हात पोरीच्या खांद्यांवरून खाली घसरले. पण मापताई पोरीकडे बघतच नव्हत्या. त्या तिच्या आईकडे बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी भलतंच आलं होतं.

"परत विचारा तिला," त्या म्हणाल्या.

मनीच्या आईने परत विचारलं. काय पाहिजे माझ्या बाळाला?

"आत्ता तुम्ही बोललात?"

मनीच्या आईने मान डोलावली. बोलले की.

"मीटर चौतीसच आहे," मापताई म्हणाल्या. "आणि मी तुमच्याजवळ उभी आहे. मलाही काही ऐकू आलं नाही."

"काय म्हणता?" मनीची आई म्हणाली.

हे ती परक्या बाईशी बोलली, म्हणून घसा लावून बोलली. मीटर ऐंशीच्या घरात उडालं. आणि भिंतीच्या धडधडीशिवाय तो आवाज पहिल्यांदाच ऐकणाऱ्या मनीने दोन्ही हात कानांवर दाबले. ती मागे सरकली, खाटेच्या पायाला टेकली, आणि आईच्या तोंडाकडे नाही, गळ्याकडे बघत राहिली. जणू आईच्या गळ्यात एखादं जनावर आहे आणि ते आत्ताच हललं.

पोरीचे कान ठणठणीत होते. घसा ठणठणीत होता. जन्मल्यापासून तिने आपल्या माणसांना जसं बोलताना पाहिलं, तसंच ती बोलत होती. हुबेहूब. एक अक्षर न चुकता. मनीची आई आठवत होती. पाळण्याजवळ बसून आपण इतक्या रात्री गायलो, त्यातली एक तरी ओळ आवाजात गायलो का? तिला ओळी आठवल्या, पोरीच्या पाठीवर थोपटणारा हात आठवला, हलणारे स्वतःचे ओठ आठवले. आवाज कुठे आठवेना.

मग पहिला माग सुरू झाला. बावन्न. दुसरा. पंचावन्न. रांगा धडधडायला लागल्या, एकसष्ट, चौसष्ट, आणि सासूचा तळवा भिंतीवर सैल पडला. अडुसष्ट.

मुक्यांच्या शाळेचा विषय संपला. नवऱ्याने पिशवीतले कपडे परत खुंटीवर टांगले आणि बायकोकडे बघून ओठ हलवले, मग थांबला, लाजला, आणि घसा खाकरून मोठ्याने म्हणाला, "बरं झालं." त्याचा स्वतःचा आवाज त्यालाच परका वाटला असावा.

पण मापताई जाताना जे सांगून गेल्या ते सोपं नव्हतं. पोरीशी आवाजात बोला. दिवसभर बोला. ती मोठ्यांकडून ऐकेल तेवढंच बोलेल.

मनीच्या आईने जिवाचा आटापिटा केला. पण अडुसष्टच्या खोलीत ऐकू जायचं तर ओरडावं लागायचं, आणि ओरडलं की मनी कानांवर हात ठेवून खाटेखाली जायची. हळू बोललं तर भिंत गिळायची, आणि मनी आपली ओठांकडे बघायची, कारण तिथे सगळं स्पष्ट लिहिलेलं असायचं. पाळी करून आलेल्या बाईला घसा कितीदा आठवणार? वाक्य आवाजात सुरू व्हायचं आणि ओठांवर संपायचं. सासू तर म्हणाली, "माझा आवाज असा कसा निघतो तेच मी विसरले. मला लाज वाटते." पोपटीणीने एकदा मनीला मांडीवर घेऊन गोष्ट सांगितली, आवाजात, अगदी जपून. मनी टक लावून ऐकत होती. मग पोपटीणीचंच लक्ष गेलं की गोष्टीतला वाघ आला तेव्हापासून आपण नुसते ओठ हलवतोय. ती उठून घरी गेली आणि त्या दिवशी तिने कोणाचीच नक्कल केली नाही.

शेवटी मनीला मावशीकडे ठेवायचं, हे मनीच्या आईने स्वतःच तोंडातून काढलं. तिची थोरली बहीण शिवणकाम करायची. तिचं घर गावाच्या कडेला, मागे शेत, समोर रिकामा रस्ता. मूलबाळ नाही, आणि बोलायला बसली की ऐकणारा थकायचा. मापताईंनी तिकडचा अंदाज सांगितला होता: असल्या घरात दुपारी पस्तीसच्या वर काही नसतं. पस्तीसमध्ये पोरीने कुजबुज केली तरी ती ऐकू येईल.

"कशासाठी भांडलीस मग एवढी?" नवऱ्याने विचारलं. "शाळेत नाही, तर मावशीकडे. गेलीच ना घरातून?"

"मुकी म्हणून नाही गेली," ती म्हणाली. आवाजात म्हणाली की ओठांनी, दोघांच्याही लक्षात आलं नाही.

पोचवून आल्यावर तिला रजा मिळायला बरेच महिने गेले. मावशीचे निरोप येत होते. पहिला शब्द 'नको' आला. मग 'मावशी'. मग बांध फुटला, आता दुपारी डोळा लागू देत नाही, कुत्र्याशी भांडते, कोंबड्यांना रागे भरते. हे सगळं मनीची आई पोपटीणीला मागाआडून सांगायची आणि पोपटीण ते शेडभर वाटायची.

मनीची आई गेली तेव्हा मनी अंगणात बटणं रंगांप्रमाणे लावत बसली होती. आईला बघून धावत आली, गळ्यात पडली, आणि मागे सरून आईच्या डोळ्यांत बघत बोलायला लागली. आई, हे बटण शिंपल्याचं आहे. आई, तू किती दिवस राहणार? आई सगळं वाचत होती, हसत होती, डोळे पुसत होती.

मशीनवर बसलेली मावशी उठून उभी राहिली. तिचा चेहरा पडला होता.

"अगं, ही गप्प का झाली?" तिने बहिणीजवळ येऊन विचारलं. "सकाळपासून टकळी चालू होती. तू आलीस आणि एकदम नुसतं तोंड हलवतेय."

मनीच्या आईला क्षणभर कळलंच नाही. ती मनीकडे बघत होती आणि मनी तिच्याकडे. पोरीने काही चुकीचं केलं नव्हतं. मावशीशी मावशीच्या भाषेत, आईशी आईच्या.

"मनी, आवाजात बोल," ती मोठ्याने म्हणाली. मनीने मान डोलावली आणि ओठांनी म्हणाली, बोलते.

दुपारभर तेच. आई समोर असली की ओठ. आई विहिरीवर गेली की म्हणे घरात बडबड सुरू व्हायची. परत आली की बंद. मावशी अवघडली होती, तू समोरून बाजूला हो, हे बहिणीला कसं सांगावं ते तिला सुचत नव्हतं, आणि तिला सांगावंही लागलं नाही.

संध्याकाळी परतायची वेळ झाली. मनीच्या आईने पोरीचा मुका घेतला, पिशवी उचलली, आणि अंगणातून जायच्या ऐवजी पायरीवर बसली. मनीकडे पाठ करून. मशीनवर बसलेली बहीण तिला समोर दिसत होती. पोरीला आता आईचं तोंड दिसत नव्हतं, आणि आईला पोरीचं.

बराच वेळ काहीच झालं नाही. निदान तिला तरी काही कळलं नाही. कानात नेहमीचीच ती दूरची धडधड होती, शेडची, जी आता शेडपासून कितीही लांब गेलं तरी सुटत नसे. तिने बहिणीच्या चेहऱ्यावर नजर लावली.

बहिणीचे हात कापडावर थांबले. तिने मान वर केली, बहिणीच्या खांद्यावरून मागे पाहिलं, आणि हळूच मान डोलावली.

"आला?" मनीच्या आईने ओठांनी विचारलं.

"आला. आई म्हणून हाक मारतेय."

"मोठ्याने?"

"चांगली मोठ्याने." बहिणीचे डोळे भरून आले होते. तिचे ओठ थरथरत होते, तरी मनीच्या आईला ते नीट वाचता आले. "परत मारतेय बघ. किती गोड आवाज आहे गं. वळ ना आता."

मनीची आई पायरीला दोन्ही हातांनी धरून बसली होती. ती वळली नाही.